काळ्या दगडावरची चूळ

चैत्र उतरणीला लागला की नगरच्या बाजारात बियाण्याच्या शेंगांची पोती येतात. खाण्याच्या शेंगा वर्षभर असतात, त्यांच्याकडे मी बघतही नाही. बियाण्याच्या पोत्याला मात्र वेगळा वास असतो. गोणपाट, कोरडी माती, आणि आत कोंडलेला कच्चा, हिरवट गोडवा. दुकानाच्या पायरीवर पोतं तोंड उघडून उभं असतं. येणारा-जाणारा एखादी शेंग उचलतो, अंगठ्याने दाबतो, दाणा तोंडात टाकतो आणि टरफल तिथेच सोडून पुढे जातो. दुकानदार काही म्हणत नाही. मी थोडी थांबते, वास घेते, शेंग उचलत नाही.

कामं वाट बघत असतात. उन्हाळा लागला की माझ्या फ्रिजवर यादी चढते. मिरची, हळद, कुरडया, टाकीची सफाई, गाद्यांना ऊन. प्रत्येक कामापुढे ज्याचं त्याचं नाव, आणि झालं की आडवी रेघ. घर मायेवर चालतं असं लोक म्हणतात. माझ्या अनुभवात ते आडव्या रेघांवर चालतं. अलीकडे त्या यादीत पहिलं काम ठरलेलं असतं: दाण्याचं लोणी.

माझी मुलगी त्याला पीनट बटर म्हणते आणि विकतच्या बाटलीवर काय-काय घातलंय ते मला वाचून दाखवते. म्हणून मी घरी करते. दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर, हात न थांबवता भाजायचे. एखादा दाणा एका बाजूने करपला की सगळ्या घाण्याला कडवट वास लागतो. गार झाले की सुपात चोळून सालं पाखडायची. मग मिक्सर. आधी कूट होतं, तिथे बहुतेक बायका थांबतात. थांबायचं नाही. भांडं तापतं, त्याला विसावा द्यायचा, कडेचं खाली ओढायचं, पुन्हा फिरवायचं. कुटाचा ओलसर गोळा होतो, गोळा हट्टाने एका जागी बसतो, आणि मग अचानक सैल पडतो, स्वतःच्याच तेलात वाहायला लागतो. वरून पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. जे निघतं ते त्याच्या आतलंच असतं, फक्त पुरेसं दळलं पाहिजे.

हे लोणी चमच्याने खायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. त्याचा वास घ्यायचा, वजन घ्यायचं नाही. नवऱ्याची साखर काठावर, माझे गुडघे बोलायला लागलेले, मुलगी घरी असली की वजनकाट्यावर रोज सकाळी श्वास रोखून उभी राहणारी. त्यामुळे सकाळचं खाणं हलकं. मुगाच्या धिरड्यावर नखाएवढा थर. ज्वारीच्या लाह्यांच्या पिठात अर्धा चमचा, कोमट दूध, वर वेलची. नाचणीच्या आंबिलीत घोटून घातलं तर ताकाचा आंबटपणा गोल होतो, हे मला अपघाताने कळलं. केळं आणि ओट्स एकत्र घुसळून त्यात चाटणभर लोणी टाकलं की मुलगी हॉस्टेलवरून आलेली असताना दोन ग्लास पिते आणि "आई, हे डाएट आहे ना?" असं विचारते. मी हो म्हणते. आमच्या लहानपणी दाणा हा जड पदार्थ होता. पित्त करणारा, फोड आणणारा, मोजून द्यायचा. तो हलका झाला, ग्लासात आला, हे मला अजून पचलेलं नाही.

या लोण्याची एक बाटली दर वेळी नागापूरला जाते. तिथे, नगरच्याच दुसऱ्या टोकाला, माझा भाऊ राहतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याच्याकडे आमची आई आहे. आईची अन्ननलिका खाली अरुंद झाली आहे. दुर्बीण घालून ती दोनदा रुंद केली, पुन्हा आवळली. डॉक्टरांनी सांगितलं, पातळ द्या. चिकट नको, रवाळ नको, घास नको. भाकरी गेली, भात गेला, शेवटी मऊ खिचडीही गेली. तोंडाला चव म्हणून उरलं ते एकच. मी आणलेल्या लोण्याचा लहान चमचा गरम पाण्यात फेसून, फडक्यातून गाळून, सायीशिवायच्या दुधात, गुळाचा खडा आणि मिठाची चिमूट घालून केलेला एक ग्लास. रोज सकाळी. बाकी दिवसभर भाताची पेज आणि डाळीचं पाणी.

पहिल्यांदा तो ग्लास हातात दिला तेव्हा आईने वास घेतला, घोट घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याला काय म्हनायचं, मंदे? दान्याच्या पोत्यावरनं वारं गेल्यालं पानी."

पण संपवला. ग्लासाच्या तळाला बोट फिरवून ते बोट चोखलं. आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत विचारलं, "ते वारं कवा मिळंल?"

बियाण्याची पोती बघून मी थांबते त्याचं कारण आई आहे. कारण आमच्या घरी, पाथर्डीकडच्या गावात, ती पोती अंगणात उतरायची.

बियाण्याची शेंग यंत्राने फोडत नाहीत. दाण्याच्या टोकाला कोंब असतो, तो दुखावला की दाणा मातीत नुसता कुजतो. म्हणून हाताने. नगरचा व्यापारी उन्हाळ्यात टेम्पोने पोती पाठवायचा आणि दाणे परत न्यायचा. वडील गेल्यावर आईने ते काम धरलं होतं. ऊसतोडीहून परतलेल्या बायका तेव्हा रिकाम्या असायच्या. त्या आमच्या लिंबाखाली बसायच्या, मांडीत शेंगा, एका बाजूला दाणे, एका बाजूला टरफलं. त्यांच्या बोटांवर कोयत्याचे जुने वळ असायचे आणि आता अंगठ्याची नखं चिरायची. मग त्या अंगठ्याला चिंधी बांधायच्या. दिवसभर एकच आवाज, बारीक लाकूड मोडल्यासारखा, कट् कट् कट्, त्यात मधेच कुणाचं हसणं. टरफलांची धूळ नाकात, केसांत, भाकरीत. रात्री अंगावरची चादर झटकली तरी तीच.

आणि भूक. आता मी मुलीला सांगते की भूक लागणं चांगलं असतं, तर तिला ते पटतं. त्या अंगणातली भूक वेगळी होती. दाण्यांच्या ढिगात बसून दाणा न खाण्याची भूक. कच्चा दाणा चावला की त्यातून दूध सुटतं. गोड, थोडं मातकट, जिभेला लागून राहणारं. एक खाल्ला की हात आपोआप दुसऱ्याकडे जातो. पोतं वजनाने यायचं, दाणे वजनाने जायचे, टरफलंही तोलून मगच आमच्या चुलीसाठी राहायची. तूट आली तर पुढच्या वर्षी टेम्पो दुसऱ्या गावाला गेला असता.

म्हणून आईने चूळ काढली होती.

दारापुढे धुणं धुवायचा काळा दगड होता. दुपारी आणि संध्याकाळी, उठायच्या आधी, प्रत्येक बाईने तांब्यातलं पाणी तोंडात घ्यायचं, खळखळवायचं आणि त्या दगडावर थुंकायचं. आई कमरेवर हात ठेवून उभी असायची. खाल्लेलं असलं की दगडावर पांढरी रेघ उतरायची, पातळ ताकासारखी. काळ्यावर पांढरं लपत नाही. जिचं पांढरं निघालं तिला त्या दिवसाची फूट, म्हणजे फुटलेल्या दाण्यांचा वाटा, मिळायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिने लिंबाची सावली सोडून टरफलांच्या ढिगापाशी उन्हात बसायचं.

बायका बेरकी होत्या. शेवंताबाई म्हणून एक होती, तोंडाने तिखट, तिने मिश्रीची युक्ती काढली. दाणे खायचे आणि वर दातांना मिश्री चोळायची. चूळ काळी.

"बघा गयाबाई," ती दगडाकडे बोट करून आईला म्हणायची, "माझं तर मन बी काळं न् थुंका बी काळा."

सगळ्या हसायच्या. आईही हसली होती. दुसऱ्या दिवसापासून तिने अंगणात मिश्री बंद केली. "घरी जाऊन लावा. हितं दात पांढरं ठेवा आन् पानी नितळ." मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते, त्याच बायकांत बसून शेंगा फोडत होते. मलाही चूळ होती. आईने मला कधी वगळलं नाही. दगडावरचं माझं पाणी बघायला ती इतरांपेक्षा जास्त वाकायची.

त्याच उन्हाळ्यात सुमनवहिनी पोटुशी होती. दादाचं लग्न आदल्या वर्षी झालेलं. वहिनी माझ्याहून फार मोठी नव्हती, मला "वन्सं" म्हणायची, आईला "आत्याबाई". पोट पुढे आलेलं, त्यावर शेंगांचं सूप टेकवून ती फोडायला बसायची. आणि तिला डोहाळे कशाचे लागावेत? चिंचेचे लागले, आईने चिंच आणून दिली. तळलेल्या मिरचीचे लागले, आईने तळली. दह्याची कवडी, भाजलेली माती, सगळं आईने पुरवलं. मग एके दिवशी वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वन्सं, मला कच्चा दाना खावासा वाटतोय. झोपेत बी चावती मी. दातावर दात घासून जाग येती."

मी आईला सांगितलं. आई चुलीत टरफलं सारत होती. टरफलं भुर्रकन पेटतात आणि लगेच विझतात, सारखी सारावी लागतात.

"शेंगा काय आपल्या हायेत?" ती म्हणाली. "टेम्पो जाऊ दे. मग पोतंभर आनते, खाऊ दे पोट फुटंस्तवर."

डोहाळे थांबत नाहीत हे तिलाही माहीत होतं. आमच्याकडे म्हणतात, पोटुशीचं मन मारलं तर लेकराचा कान फुटतो. कानातून पू येतो. तिने स्वतः हे दहा जणींना सांगितलेलं मी ऐकलं होतं. पण अंगणात बायका होत्या, आणि बायकांचे डोळे. शेवंताबाई एकदा माझ्यादेखत बोललीच. "आमाला चूळ, आन् सुनंला? ती तर दोघांचं खात आसंल."

दोन-तीन जणी खाली मान घालून हसल्या. आई मडक्यातलं पाणी घेत होती. तिने ऐकलं. तिची पाठ मी ओळखत होते.

त्या दुपारी आईने वहिनीलाही दगडापाशी बोलावलं आणि तिने चूळ भरली. ऊन इतकं होतं की दगड ओला केला तरी कडेने सुकत यायचा. वहिनीने तोंडातलं पाणी दगडावर टाकलं आणि ते खाली ओघळलं. नितळ. दगडाची बारीक भोकं त्यातून दिसत होती. सगळ्यांना दिसत होती. वहिनीच्या चेहऱ्यावर एक लहान, अगदी लहान हसू होतं. इतक्या दिवसांत तिने एक दाणा तोंडात टाकला नव्हता. आपली चूळ सगळ्यांसमोर नितळ निघाली, याचं ते हसू होतं.

आई वाकली. पुन्हा सरळ झाली.

"पांढरं," ती म्हणाली.

कट् कट् थांबलं. शेवंताबाईच पहिली बोलली. "आगं गयाबाई, नितळ हाय की पानी."

"मला दिसतं ते मी म्हनते," आई म्हणाली. "सून आसली म्हनून काय झालं? उद्या उन्हात."

वहिनीने पदराने तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी ती टरफलांच्या ढिगापाशी उन्हात बसली, पोटावर सूप टेकवून, आणि दिवसभर फोडत राहिली. त्या दिवसापासून अंगणात कुणी कुजबुजलं नाही. कुणाची चूळ पांढरी निघाली नाही. व्यापाऱ्याच्या वजनात तूट आली नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात टेम्पो आमच्याच दारात आला.

मी लहान असते तर हे मला कळलं नसतं आणि बरं झालं असतं. पण मी हिशोबी मुलगी होते, मला लगेच कळलं. परक्या बाईला खोटं पाडलं असतं तर सगळ्या उठून गेल्या असत्या. लेकीला पाडलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं. सुनेला पाडलं की काम होतं. आज मी अर्धवेळ एक मेस सांभाळते, तिथे माझ्या हाताखाली बायका काम करतात, आणि कधीतरी कुणावर आवाज चढवायची वेळ येते तेव्हा मी कुणाला निवडते याकडे माझं लक्ष असतं. आईचं ते गणित मला आजही कुठे चुकलेलं सापडत नाही. मला सगळ्यात जास्त त्याचीच भीती वाटते.

टेम्पो गेल्यावर आईने शब्द पाळला. शेंगांची पाटी आणून वहिनीपुढे ठेवली. "खा आता." वहिनीने एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला, चावला आणि पाटी बाजूला सारली. "मन गेलं, आत्याबाई," म्हणाली. त्यानंतर आजतागायत मी तिला कच्चा दाणा खाताना पाहिलेलं नाही.

अमोल झाला. गोरा, गुटगुटीत, आणि वर्षाच्या आत त्याचा डावा कान वाहायला लागला. उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग. वहिनी कापसाची वात करून तो कान कोरडा करायची. कापूस काढायची आणि आईसमोर धरायची. नुसता धरायची, उजेडात, म्हणजे नीट दिसेल असा. आई तोंड फिरवायची. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाचा पडदा गेलाय, डोहाळ्यांचा काही संबंध नाही, बाटलीचं दूध आडवं पाजल्याने होतं. डॉक्टर शिकलेले होते. त्या घरात त्यांचं ऐकणारी मी एकटीच होते, आणि मीही अर्धवट.

अमोल आता सव्वीस-सत्तावीसचा आहे. नागापूरला एमआयडीसीत लेथवर काम करतो. डाव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. "आत्या, बरंच आहे," तो मला म्हणतो, "मशीन डावीकडं, साहेब उजवीकडं. झोपताना उजव्या कुशीवर वळलो की साहेब बी बंद."

त्याच्या नोकरीमुळेच दादाने गावचं घर बंद केलं, आणि आईला इकडे यावं लागलं. माझ्याकडे सावेडीला ती आली नाही. मी यादी करून सगळी सोय दाखवली होती. खाली खोली, शेजारी दवाखाना, माझं अर्धवेळ काम. "लेकीच्या दारात मरनं बरं दिसत न्हाई," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "सुमनच्या हाताला चव हाय." हे तिने वहिनीसमोर कधी म्हटलेलं मला माहीत नाही.

वहिनी आईचं सगळं करते. वेळेवर, स्वच्छ, एक शब्द न बोलता. आईची नखं कापलेली असतात, वेणी घातलेली असते, चादरीला सुरकुती नसते. शेजारणी म्हणतात, अशी सून मिळायला पुण्य लागतं. आई ते ऐकते आणि छताकडे बघते.

मागच्या दिवाळीच्या सुमाराला, दुपारी वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेली असताना आईने बाटली मिळवली. झाकण उघडलं आणि बोटाने काढून ते नुसतं लोणी खाल्लं. ते घशाखाली जाऊन बसलं. वर येईना, खाली जाईना. वहिनी परत आली तेव्हा तोंडातून लाळेच्या तारा, डोळे बाहेर, हातात बाटली घट्ट. वहिनीने तिला उचलून रिक्षात घातलं. दुर्बीण घालून काढावं लागलं. डॉक्टरांनी वहिनीलाच झापलं. "घरात लक्ष द्यायला कुणी नाही का? पुढच्या वेळी श्वासात गेलं तर इथपर्यंत पोचणार नाहीत."

मी म्हटलं, बाटली आणणंच बंद करते. "नका करू, ताई," वहिनी म्हणाली; नगरला आल्यापासून ती मला ताई म्हणते. "तेवढंच आवडीनं घेतात. मी बघते."

पुढच्या रविवारी गेले तर आईच्या उशाशी एक काळा वाडगा होता. हॉटेलातून पार्सल येतं तसला, प्लास्टिकचा, धुऊन ठेवलेला. घरात स्टीलची घंगाळी होती, वाट्या होत्या, पांढरा टब होता. वहिनीने काळा निवडला होता. सकाळी ग्लास द्यायच्या आधी ती आईला पाणी द्यायची आणि तो वाडगा हनुवटीखाली धरायची.

"चूळ भरा."

आई भरायची. वहिनी वाडगा खिडकीच्या उजेडात न्यायची. पाणी नितळ असलं की ग्लास. पांढरं असलं की त्या दिवशी ग्लास नाही, नुसती पेज.

पांढरं निघायचंही. आईचे हात चोरटे झाले आहेत. काठीने कपाटाचं दार ढकलते, झाकणाच्या आतल्या बाजूला लागलेलं बोटाने पुसून घेते. पकडली गेली की भांडते. "लाळ हाय ती! म्हाताऱ्या मानसाची लाळ पांढरी आसती!" वहिनी भांडत नाही. पेज आणते. आई पेज पिते आणि सबंध दिवस कुणाशी बोलत नाही. त्या एका ग्लासासाठी ती आता रात्रभर जागी असते, असं दादा सांगतो. दुसरं काही मागत नाही. देव नाही, गाव नाही, नातू नाही. उजाडलं की ग्लास.

ही काळजी आहे की दुसरं काही, असं मी मला विचारलं, आणि मग विचारणं सोडून दिलं. दोन्ही एकाच वाडग्यात मावतं.

या चैत्रात बाजारात पोती दिसली, तशी मी कढई चढवली. लोणी केलं, बाटली भरली, वर फडकं बांधून झाकण घट्ट लावलं आणि रविवारी सकाळी नागापूरला गेले. आधीची बाटली संपून आठवडा झाला होता, धुऊन ओट्यावर पालथी घातलेली दिसली. दादा पेपर उघडून बसला होता, पान उलटत नव्हता. स्वयंपाकघरात गेल्यावर वहिनीने सांगितलं. अमोलसाठी बघितलेल्या मुलीकडून काल फोन आला. नकार. मुलगा चांगला आहे, नोकरी आहे, पण एका कानाने ऐकू येत नाही, पुढे मुलांना काही झालं तर?

"हे तिसरं ठिकाण, ताई," वहिनी म्हणाली. एवढंच. तिने गॅस बारीक केला.

मी माझ्या कामाला लागले. अशा वेळी मला तेच येतं. नवीन बाटलीचं फडकं सोडलं, झाकण उघडलं. पाणी गरम केलं, चमचाभर लोणी फेसलं, फडक्यातून गाळलं, दूध, गूळ, मीठ. घरभर भाजलेल्या दाण्याचा वास सुटला. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "आलं गं माझं वारं!" आठ दिवस तिला तो वास मिळाला नव्हता. आवाजात लहान मुलासारखा उतावीळपणा होता.

वहिनी पाण्याचं भांडं आणि काळा वाडगा घेऊन आत गेली. मी ग्लास घेऊन दारात उभी राहिले. आई उशीला टेकून बसली होती, हात आधीच पुढे केलेले.

"चूळ भरा."

आईने पाणी तोंडात घेतलं. गाल फुगवले, खळखळवलं, वाडग्यात टाकलं. वहिनीने वाडगा उचलून खिडकीत धरला. मला दारातून दिसत होतं. पाणी नितळ होतं. वाडग्याच्या तळाशी कंपनीचा उठलेला गोल शिक्का असतो ना, तो त्यातून स्वच्छ दिसत होता.

वहिनी बराच वेळ बघत राहिली.

"पांढरं," ती म्हणाली.

"वहिनी," मी म्हटलं, "घरात दाणाच नव्हता. बाटली मी आत्ता फोडली."

"मला दिसतं ते मी म्हनते, ताई."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती आईकडे बघत होती. बाहेरच्या खोलीत पेपरची घडी झाल्याचा आवाज आला. आईने हात पुढे केलेलेच होते. तिने वाडग्याकडे बघितलं. उभ्या आयुष्यात तिने बघितल्या असतील तितक्या चुळा कुणी बघितल्या नसतील. पांढऱ्यातलं आणि नितळातलं अंतर तिला कुणी शिकवायला नको होतं. ती आता भांडेल, लाळ म्हणेल, माझी साक्ष काढेल, म्हणून मी वाट बघत राहिले.

आईने हात मागे घेतले आणि चादरीखाली ठेवले.

"व्हय," ती म्हणाली. "पांढरंच हाय. पेज आन, सुमन."

वहिनी जागची हलली नाही. मग तिने वाडगा खिडकीत ठेवला, माझ्याजवळ आली, माझ्या हातातल्या ग्लासाला तळाशी बोट लावून तो माझ्याच तोंडाकडे वळवला. "तुम्ही घ्या, ताई. वाया नको जायला." आणि पेज आणायला स्वयंपाकघरात गेली.

आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. मी तिथेच, दारात उभ्या उभ्या, प्यायले. चांगलं झालं होतं. मीठ किंचित कमी पडलं होतं. आई सबंध वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती, घोटाघोटाला तिचा गळा हलत होता. मी ग्लास रिकामा केला आणि खाली ठेवला.

"चूळ भर, मंदे," आई म्हणाली. "न्हाईतर दिसतं."